डाव्या पायावरचा भार

आमच्या कुत्र्याला बैलबंडीवर मीच चढवलं होतं. हे आधी सांगून टाकते. पुढे अख्ख्या गावानं मला वेड्यात काढलं तरी मी मागे हटले नाही, त्याचं मूळ तिथे आहे.

त्या वर्षीही कापसाला भाव नव्हता. बंडी भरून बाभुळगावच्या खरेदी केंद्रावर न्यायची, दोन दिवस रांगेत काढायचे, आणि मोजणी बंद झाली म्हणून तीच बंडी घरी आणायची, असं चाललं होतं. त्या खेपेला मीही गेले होते. परत येताना कुत्रा बंडीमागे जीभ बाहेर काढून चालत होता. मला कीव आली. उचलून कापसाच्या ढिगावर बसवला, तर पाटलासारखा ऐटीत बसला. गावाजवळच्या पुलावर मागून ट्रकनं भोंगा वाजवला, बैल बुजले, आणि कुत्रा वरून पुलाच्या कठड्यावर पाठीनं आदळला. ओरडलासुद्धा नाही. पुढचे पाय टेकून उठायला गेला, पण मागचं अंग फरफटत राहिलं.

कापूस पुढच्या खोलीत ओतला. तेव्हा घरोघरी हेच होतं. माणसं कडेकडेनं झोपायची, अंगाला खाज सुटायची. आमच्या ह्यांचा नियम कडक होता : त्या खोलीत ओले पाय आणायचे नाहीत, पाण्याचा तांब्या न्यायचा नाही. ओल लागली की कापूस पिवळा पडतो, आणि पिवळ्या कापसाला कोणी हात लावत नाही.

तरी मी त्यातला दोन टोपल्या कापूस ह्यांच्या नकळत काढला आणि ओसरीत कुत्र्यासाठी मऊ गादी केली. दुखऱ्या पाठीला कापसाहून चांगलं काय असणार, असं मला वाटलं. आमच्याकडे दुसरं होतं तरी काय! ह्यांनी पाहिलं आणि भडकले.

"भाव येईन म्हनून आमी जीव मुठीत धरून बसलो, अन् तू कुत्र्याखाली कापूस आथरते?"

"मंग काय दगडावर झोपवू त्याले?" मीही ऐकून घेणारी नव्हते.

आठ दिवस तो त्या गादीत रुतून पडला. कूस बदलायला गेला की आणखी आत जायचा आणि कण्हायचा. मग ढोरांचे डॉक्टर शेजारच्यांच्या बैलासाठी गावात आले, त्यांना मी हाताला धरून घरी आणलं म्हटलं तरी चालेल. त्यांनी आधी कपाळावर हात मारला.

"ताई, कापसावर पाठ वाकून राहिली त्याची. काढा आधी हे. सपाट जमिनीवर पोतं टाका."

आठ दिवस मी मायेनं त्याची पाठ आणखी बिघडवत होते. मला इतकी शरम वाटली की पदरानं तोंड झाकून घेतलं. हे मात्र कापूस परत खोलीत न्यायला लगेच तयार! पण त्याला आता कुत्र्याचे केस लागले होते, म्हणून उशीत भरला.

डॉक्टरांनी मागच्या पायांच्या बोटांना चिमटे घेतले. उजव्याला कुत्र्यानं पाय ओढला. डाव्याला नुसती मान वळवून पाहिलं.

"कळतंय त्याला. म्हणजे आशा आहे," ते म्हणाले. मग कसं करायचं ते दाखवलं. पंधरा दिवस हलू द्यायचं नाही. रोज तीनदा पोट हलक्या हातानं दाबून लघवी करवायची. मग पाय सायकलसारखे फिरवायचे, बोटं चोळायची, कापडानं मागचं अंग उचलून चालवायचं. "उजवा सुधारेल. डाव्यावर भार घेतला तर हा जगला समजा. संक्रांतीनंतर मी येतो. तोवर नाहीच घेतला, तर त्याचे हाल करण्यात अर्थ नाही. सुई देऊन मोकळं करू."

मी मनाशी म्हटलं, बघतेच.

उचलायला कापड म्हणून मी माझी ओटी घेतली. वेचणीच्या वेळी कापूस टाकायला कमरेला बांधतो ते धडपं. ती त्याच्या पोटाखालून घालायची, दोन्ही टोकं हातात धरायची, आणि अंगण पार करायचं. सकाळी वेचणीला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर. दिवसभर वाकून वेचलेलं असायचं, पुन्हा कुत्र्यासाठी वाकायचं. माझीच पाठ जायची वेळ आली. बाया हसायच्या.

"बाप्पा! मानसाच्या पाठीले कोनी तेल लावत नाई, अन् हे कुत्र्याची मालिश करून राह्यली!"

"तू बी ये ना वो, तुले बी ओटीत घालून फिरवतो," मी म्हणायची. हसू देत! मला त्यांच्या हसण्याशी काय करायचं होतं!

सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. पण एक दिवस मी शेतातून उशिरा आले, तर त्या स्वतः खाली बसून त्याचे पाय फिरवत होत्या, आणि वर मलाच विचारत होत्या, "काहून वो, आज याचा टाइम चुकवला?"

उजवा पाय महिन्याभरात टेकायला लागला. डावा मात्र बोटं मुडपून जमिनीवर घासत यायचा. नखं झिजून रक्त यायचं. तेव्हा मला एक सुचलं. अंगणात पराट्या पडल्या होत्या, कापूस निघालेली वाळकी झाडं. त्यातल्या सरळ निवडून मी हात-हात अंतरानं आडव्या मांडल्या. पाय उचलल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये. पहिल्या दिवशी त्यानं सगळ्या विस्कटल्या. मी पुन्हा मांडल्या. दुसऱ्या दिवशी विस्कटल्या, पुन्हा मांडल्या. चौथ्या दिवशी मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो कान पाडून बसला आणि माझ्याच्यानं राहवेना. त्याच्या गळ्यात पडून रडले. मग उठले आणि पराट्या मांडल्या.

संक्रांत आली. तो उभा राहायचा, चार पावलं टाकायचा, पण सगळं वजन उजव्यावर. डावा नुसता टेकवायचा. वाण द्यायला आलेल्या बायांपुढे मी हसत होते, पण नजर त्याच्या डाव्या पायावरून हलत नव्हती. डॉक्टर दुसऱ्या दिवशी येणार होते.

तो दिवसही उजाडला. भाव जरा हलला म्हणून हे सकाळीच खोली उघडून कापूस भरायला लागले होते. दार सताड उघडं. मी ओटी आणायला आत वळले, तेवढ्यात कुत्रा उंबरठ्यापाशी पोचला. उंबरठा पराटीसारखाच पार केला. एकटा. खोलीत गेला, पांढऱ्याशुभ्र ढिगाला नाक लावलं, आणि उजवा पाय वर उचलला.

तो कापसावर मुतत होता. इतके महिने पाण्याचा थेंब न लागू दिलेल्या कापसावर! "हड्!" माझ्या ओठांवर आलं होतं. ह्यांनी हात आडवा केला.

"चूप. हलू नको वं," ते हळूच म्हणाले. "डाव्यावर उभा हाये थो."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळा देह त्या हडकुळ्या, थरथरत्या डाव्या पायावर होता. पाय लटपटला, पण मोडला नाही.

"होऊ दे त्याचं," हे म्हणाले. "पुरतं होऊ दे."

मी उंबरठ्यावर बसले आणि गळा काढून रडले. सासूबाई धावत आल्या, त्यांना वाटलं काही अशुभ झालं. ह्यांनी भिजलेला कापूस ओंजळीनं काढला आणि अंगणात नेऊन टाकला.

दुपारी फाटकाशी मोटारसायकल थांबली. मी उठायच्या आत हेच पुढे गेले.

"डॉक्टरसाब, चहा घेऊन जा," ते म्हणाले. "बॅग गाडीलेच राहू द्या."