तांब्याभर पाणी आणि दोन हात पाया

सर्व लहानथोरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घराची पुढची भिंत खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरकी फाटली होती आणि या कृत्यास माझे वडील, एक मिस्त्री व कोरडी काळी माती असे तिघे जबाबदार होते.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. कचेऱ्या आल्या, साहेब आले, त्यांना खोल्या पुरेनात. वडिलांनी घर बांधायला काढलं; पुढच्या खोलीला भाडेकरू म्हणून त्यांना साहेबच हवा होता. ‘साहेब आमच्याकडे राहतात’ हे वाक्य ते घराचा पाया खणण्याआधीच कामावर, डाळमिलमध्ये, म्हणू लागले होते.

साल दुष्काळाचं. दोन हात खणल्यावर मिस्त्रीने पहार आपटली. ठण्ण!

“मालक, पहार वाजून राहिली. खडक लागला.”

आई कंधारकडच्या शेतकऱ्याची लेक. ती खड्ड्यात डोकावली. “खडक कसला? काळी माती हाय, वाळून टणक झालीय. पावसात फुगल. तांब्याभर पाणी ओता अन् मग पहार मारून बघा.”

“प्यायला पाणी न्हाई, अन् खड्ड्याला पाजू?” वडील खेकसले. “तू भाकरीचं बघ.”

“बघते की. भाकरी करपली तर लगेच कळतं तरी.”

पाया दोन हातांवरच थांबला आणि आई-वडिलांचं बोलणंही. नव्या घरात एकमेकांना उद्देशून भिंतीशी बोलायचे. “भिंती, चहा हाय का?” “भिंती, मिस्त्रीला माग म्हणावं.” बांधताना त्या भिंतींवर पाणी कधी मारलंच नव्हतं. त्यांना मिळाले ते फक्त टोमणे.

पुढच्या वर्षी पाऊस लागला. जमीन फुगली, पुढच्या खोलीतली फरशी मधोमध उचलली, भिंतीला भेग गेली. वडिलांनी भेगेवर कॅलेंडर टांगलं. आठवड्यात ती कॅलेंडरच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आली.

आणि त्याच पावसात भाडेकरू म्हणून ठरलेले साहेब ट्रंक घेऊन रिक्षातून आले. त्यांना दारात पाहताच वडील खोलीत शिरले, दार आतून लोटलं आणि दुसरं कॅलेंडर टांगलं. तेवढ्यात वाकड्या चौकटीत दार गच्च बसलं. आतून वडील ओढतायत, बाहेरून भिजलेले साहेब ढकलतायत. दार हलेना. अखेर साहेबांनी ट्रंक उचलली आणि परत रिक्षात ठेवली.

आई स्वयंपाकघरातून आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा भिंतीला न सांगता थेट वडिलांवर ओरडली:

“तांब्याभर पाण्याला जीव गेला तुमचा! आता बसा आत, अख्खं आभाळ ओतलंय!”