अक्काचे सर आणि नऊची हजेरी

माणूस गेलं की घरात किस्से जमतात. माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, जाऊन महिना झाला. तिच्या लॅबमधली पोरं बनशंकरी भागातल्या आमच्या घरी येतात, कॉफी पितात आणि एकेक सांगतात. सगळे तिच्या गाईडचे!

अक्का पीएचडी करत होती. मनाचा आजार होता. गोळ्यांमुळे सकाळी डोळे उघडायचे नाहीत. सरांकडून तिला एकच हवं होतं. नऊऐवजी अकराला यायची परवानगी.

*

तिने विचारलं तेव्हा सर म्हणाले, "मशीन नऊला सुरू होतं. त्यालाही अकरापर्यंत झोपवू?"

सगळी लॅब हसली. अक्काही हसली म्हणे!

*

मग तिने डॉक्टरांचं पत्र नेलं. सरांनी वाचलं, तिला वरून खालपर्यंत बघितलं. "पण तू तर छान दिसतेस!"

दुसऱ्या दिवशी अक्का केस न विंचरता गेली. सर म्हणाले, "लॅबमध्ये नीटनेटकं यावं."

*

त्याच सुमारास तिच्या लॅबमधल्या मंजू नावाच्या पोराचा पाय मोडला. सरांनी स्वतः त्याचं टेबल खालच्या मजल्यावर आणवलं. "सावकाश ये रे, घाई नाही."

हे सांगताना मंजू रडला. मी म्हटलं, "अण्णा, प्लास्टर तरी तिला द्यायचंस!" बोलून गेलो. आई ओरडली मला.

*

एकदा मीच गेलो. गॅरेजमधून तसाच, काळ्या हातांनी. "सर, स्वल्प अ‍ॅडजस्ट करा. अकराला येऊ दे तिला."

"तुम्ही किती शिकलात?"

"नववी."

"मग रिसर्च तुम्हाला नाही कळणार."

"इंजिन तापलं की गाडी बाजूला घेतात, सर. एवढं नववीत कळतं!"

मला वाटलं, जिंकलो. रात्री अक्का म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं रे जायला?"

*

तेराव्याला सर आले. मी कॉलर धरायलाच उठलो होतो. अक्काच्या फोटोपाशी तिच्या गोळ्यांचं पाकीट होतं, आई हलवू देत नव्हती. सरांनी ते उचललं, उलटं करून वाचलं.

"दिवसाला किती घ्यायची?"

"दोन," मी म्हटलं.

"मी तीन घेतो," सर हळूच म्हणाले. "बारा वर्षं झाली. डिपार्टमेंटमध्ये कुणाला सांगू नका."