पासाऊ, मार्गे लांड्सहूट

मकरसंक्रांतीनंतरचा पहिला रविवार, दुपार. जबाबदार: माझी पत्नी, आणि तिने हळदीकुंकवाला बोलावलेल्या सर्व स्त्रिया.

फेब्रुवारीतला तो शनिवार, ज्या दिवशी बर्फामुळे कोणालाच घराबाहेर पडता आले नाही. जबाबदार: माझा मुलगा, सर्व काही ठाऊक असूनही मौन बाळगल्याबद्दल.

होळी, संध्याकाळचे जेवण. जबाबदार: सूनबाई, पुरणपोळी वाढता वाढता नको तो उपाय सुचवल्याबद्दल, आणि पुन्हा माझी पत्नी.

नातीला मी या यादीतून वगळतो. ती तेरा वर्षांची आहे आणि या प्रकरणात खरे बोलणारी ती एकटीच निघाली.

मी अकोल्याच्या न्यायालयात आयुष्यभर दिवाणी दावे चालवले. कोणी, केव्हा, काय केले हे आधी मांडल्याशिवाय मला पुढचे वाक्य सुचत नाही. आता हकीकत सांगतो.

आम्ही दोघे मुलाकडे अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी गावी राहतो. येत्या जूनमध्ये मुलाला कचेरीच्या कामासाठी म्युनिकला जायचे आहे. त्याचे काम संपले की पुढचा आठवडा आम्ही पाचही जणांनी तिथे राहायचे, असे डिसेंबरात ठरले. तेव्हा तो मला म्हणाला, "बाबा, तिकडे कार घ्यायची नाही. सगळं ट्रेननं. म्युनिकहून सकाळी निघायचं, एक गाव बघायचं आणि रात्री परत यायचं. अशा चार ट्रिप्स तुम्ही ठरवा. तुम्हाला रेल्वेचं कळतं."

हा अधिकार मला देण्यात आला, याला साक्षीदार आहेत. तो मी आनंदाने स्वीकारला. येथे मला दही आणायचे असले तरी कोणाच्या तरी गाडीत, कोणाच्या तरी सवडीने बसावे लागते. चालत जाऊ म्हटले तर पदपथावरचा बर्फ काढलेला नसतो; त्याबद्दल मी वसाहतीच्या समितीला लिहिलेल्या पत्रांचा विषय वेगळा आहे. सांगायचे इतकेच, की गाडीत सामानासारखे ठेवले जाण्याची सवय झालेल्या माणसाला एकदम एका अख्ख्या प्रांताचे रेल्वेचे जाळे बहाल करण्यात आले.

मी महिनाभर अभ्यास केला. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून ठेवला होता. त्यावर आमटी सांडू नये म्हणून सूनबाईने तो प्लास्टिकच्या आवरणात घालून दिला, हे तिच्या बाजूने नमूद करतो. म्युनिक ज्या बव्हेरिया प्रांतात आहे, त्याचे एक दिवसाचे तिकीट असते. त्यावर पाच जणांपर्यंत जाता येते, मात्र जलद गाड्या चालत नाहीत आणि कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या आत निघता येत नाही. साल्झबर्ग ऑस्ट्रियात आहे, तरी हेच तिकीट तिथपर्यंत चालते. ही तरतूद मला सापडली तेव्हा मी ती मोठ्याने वाचून दाखवली होती. सगळे टीव्ही बघत होते.

निवडीचे निकष मी आधीच लिहून काढले. जितका वेळ गाडीत, त्याहून कमी वेळ गावात, असे गाव बाद. जिथे जाताना दोनदा गाडी बदलावी लागते, ते पत्नीच्या गुडघ्यांखातर बाद. त्यातून चार दिवस निघाले. फ्युसेन, कारण डोंगरावरचा तो राजवाडा पाहिल्याशिवाय नात परतीच्या विमानात बसणार नव्हती. साल्झबर्ग, मुलगा आणि सून यांच्यासाठी. न्यूरेंबर्ग माझ्यासाठी, कारण सत्तेवर असताना ज्या नाझी पुढाऱ्यांना कोणी जाब विचारू शकत नव्हते, त्यांना ज्या दालनात आरोपी म्हणून बसवले गेले, ते दालन मला मरण्यापूर्वी डोळ्यांनी पाहायचे आहे.

चौथा दिवस पासाऊ. तिथे तीन नद्यांचा संगम आहे. एक काळसर, एक हिरवट आणि थोरली डॅन्यूब मातकट. एकत्र आल्यावरही बऱ्याच अंतरापर्यंत तिघींचे रंग वेगळे ओळखू येतात, असे वाचले. हा दिवस मी आम्हा दोघांसाठी राखून ठेवला. आम्हा दोघांसाठी म्हणजे दोघांसाठीच. बाकीच्या तिघांनी त्या दिवशी म्युनिकमध्ये काय हवे ते खावे.

कारण सांगितलेच पाहिजे. माझी पत्नी रेल्वेत बोलते. लग्न झाल्यावर पहिली काही वर्षे, नागपूरला खंडपीठापुढे माझी तारीख असली की ती काहीतरी निमित्त काढून बरोबर येई. अकोल्याच्या घरात माणसांचा राबता होता, तिथे ती मान खाली घालून वावरे. पण गाडीने बडनेरा सोडले, की खिडकीकडे तोंड करून बोलायला लागे. कोण तिला कसे वाटले, माझे काय चुकले, तिला काय शिकायचे होते, सगळे. वर्धा येईपर्यंत मी माझ्या पक्षकाराचे नावही विसरलेलो असे. आता ती दिवसभर बोलते, पण फोनवर, आणि सगळ्या जगाशी. माझ्या वाट्याला "गोळी घेतलीत का" आणि "टोपी घाला" येते. नात जन्माला आली म्हणून आम्ही येथे आलो; तेव्हापासून आम्ही दोघेच असे कुठेही गेलेलो नाही.

इतके स्पष्ट प्रयोजन असलेल्या दिवसावर अतिक्रमण कसे झाले, ते आता पाहावे.

हळदीकुंकवाच्या दुपारी मला वरच्या खोलीत पाठवण्यात आले होते. खालचे बोलणे जिन्यातून वर येत होते. पत्नीने म्युनिकचे नाव काढले मात्र.

"अय्या काकू, म्युनिक? माझी नणंद तिथून जवळच, ऑग्सबर्गला असते!"

"आमच्या ह्यांचा मावसभाऊ न्यूरेंबर्गला. जेवायलाच जा त्यांच्याकडे. तो खूप छान करतो भरली वांगी."

"काकू, लांड्सहूट लागतं का वाटेत? माझी भाची आहे तिथे. एकटीच असते हो दिवसभर."

आणि प्रत्येकीला माझ्या पत्नीचे एकच उत्तर: "हो, हो, येऊ की!"

मी जिन्यातून तीन वेळा "येऊ की" ऐकले. लांड्सहूट पासाऊच्याच मार्गावर आहे, हे खाली कोणालाही माहीत नव्हते. मला माहीत होते. मी त्याच क्षणी खाली जाऊन हरकत नोंदवायला हवी होती. पण हळदीकुंकवात शिरलेल्या पुरुषाला तिळगूळ देऊन परत पाठवतात, ऐकून कोणी घेत नाही.

पुढे बर्फाच्या त्या शनिवारी मी पाहुण्यांच्या खोलीत ब्लँकेट शोधायला गेलो. पलंगावर पिशव्या मांडून ठेवल्या होत्या. ऑग्सबर्ग: गोडा मसाला. न्यूरेंबर्ग: भाजणी आणि मेतकूट. गोडा मसाला पुण्याहून मिनेसोटाला आला होता आणि आता माझ्या खांद्यावरून बव्हेरियाला निघाला होता. मी सर्वांना त्या खोलीत बोलावले.

"हे काय आहे?"

"पिशव्या," मुलगा म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"बाबा, आईनं सांगितलं होतं. मला वाटलं तुम्ही चिडाल."

"मी चिडलेलोच आहे! आपण अटलांटिक ओलांडून भरली वांगी खायला चाललो आहोत?"

"ओरडू नका हो," पत्नी म्हणाली. "माणसं आहेत ती. त्यांच्या गावावरून जायचं आणि भेटायचं नाही? बरं दिसतं का ते?"

नात दारात उभी होती. ती म्हणाली, "आजी, दॅट्स नॉट अ ट्रिप. दॅट्स डिलिव्हरी."

सूनबाई इतकी हसली की तिला पलंगावर, गोड्या मसाल्याच्या शेजारी बसावे लागले. मग मी तडजोडीचा मसुदा मांडला. ऑग्सबर्गच्या नणंदबाईंनी रविवारी स्वतः म्युनिकला यावे, आपल्याबरोबर चहा घ्यावा आणि मसाला न्यावा. न्यूरेंबर्गच्या मावसभावाने फलाटावर भेटावे. वांगी डब्यात दिल्यास स्वीकारली जातील, आम्ही ती परतीच्या गाडीत खाऊ. दोन्ही पक्षांना फोन लावले गेले. दोन्ही पक्ष आनंदाने कबूल झाले. मावसभाऊ तर म्हणाला, "काका, सुटलो! आमच्या घरात दोनच खुर्च्या आहेत."

लांड्सहूटच्या भाचीसाठी पिशवी नव्हती. तो विषय निघालाही नाही, आणि मी तो मिटला असे धरून चाललो. गैरहजर पक्षाविरुद्ध निकाल मिळाला म्हणजे दावा संपला, असे मानणारा मनुष्य वकिलीत टिकत नाही. मी टिकलो होतो. तरीही मी तसे मानले.

होळीच्या संध्याकाळी स्वयंपाकघरात डिंक तळल्याचा वास येत होता. होळीला डिंक कशाला, असे मी विचारले.

"नमुना करून बघतेय," पत्नी म्हणाली. "लांड्सहूटच्या त्या मुलीला दिवस गेलेत. जूनमध्ये सातवा लागेल. पहिलटकरीण आहे. आईचा व्हिसा काही झाला नाही तिच्या. नवरा दिवसभर कामावर. मी सांगितलंय तिला, तुझं डोहाळजेवण मी करते. आपण सगळेच जाऊ त्या दिवशी ओटी भरू, आणि डिंकाचे लाडू इथूनच करून नेऊ."

"कोणत्या दिवशी?"

"तुमचा तो नदीचा दिवस आहे ना, त्याच दिवशी. वाटेवरच तर आहे."

मी हातातले ताट टेबलावर ठेवले. त्या मुलीविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही, हे येथे ठळकपणे सांगतो. परक्या गावात पहिल्या बाळंतपणाची वाट पाहणाऱ्या मुलीपुढे मी संगमाचा हक्क कसा सांगणार? पण लाडवांबाबत कायद्याने मला एक मुद्दा दिला होता आणि मी तो उचलला. युरोपात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. डिंकाच्या लाडवात तूप असते. माझ्या वाचनाप्रमाणे ते लाडू विमानतळावरच जप्त होण्यास पात्र आहेत. हे मी कलमांसह सांगितले. माझा अंदाज असा होता की लाडू गेले की बेत आटोपशीर होईल: ओटी, चहा, नमस्कार आणि पुढची गाडी.

सूनबाई पुरणपोळीवर तूप घालत होती. ती सहज म्हणाली, "मग आई तिथंच करतील ना लाडू. तूप तिकडे मिळतं."

पत्नीचा चेहरा उजळला. "बरं झालं सांगितलंत हो! नाहीतर फुकट गेले असते सगळे. मग तिच्याच ओट्यावर करते. तिलाही शिकवते. सकाळीच जाऊ."

सकाळी जाता येत नाही. नऊच्या आत निघता येत नाही. खारीक कुटायची, डिंक तळायचा, सुके खोबरे भाजायचे, लाडू वळायचे, मग सहा-सात जणांचा स्वयंपाक, मग ओटी. मी टेबलावरच्या त्या नकाशाकडे पाहिले. लांड्सहूट आणि पासाऊ यांच्यात बोटाच्या एका पेराएवढे अंतर होते.

मी माघार घेतली नाही. वेळापत्रक उघडले. जूनमध्ये तिकडे उजेड रात्री उशिरापर्यंत असतो. डोहाळजेवण उरकून संध्याकाळच्या गाडीने लांड्सहूटहून निघाले, तरी उजेड असताना संगमावर पोचता येते आणि शेवटच्या गाडीने म्युनिकला परतता येते. मुलगा, सून, नात यांनी लांड्सहूटहून मागे फिरावे. आम्ही दोघांनी वेगळे तिकीट काढून पुढे जावे. मी हे सर्व मुद्देसूद मांडले आणि मुलाच्या हरकतीची वाट पाहू लागलो. आम्हाला एकटे सोडायला तो तयार होणार नाही याची मला खात्री होती. माझी उत्तरे तयार होती.

"जा की, बाबा," तो म्हणाला. "कोण अडवतंय? फक्त फोन चार्ज ठेवा."

तयार उत्तरे वाया गेली. सगळे पत्नीकडे पाहू लागले.

"रात्रीचं कशाला उगाच?" ती म्हणाली. "आणि त्या मुलीकडची भांडी कोण आवरणार?"

"भांडी तिचा नवरा आवरेल," मी म्हणालो. "नाहीतर निघण्यापूर्वी मी आवरतो."

माझ्या भांडी आवरण्याला या घरात पूर्वोदाहरण नाही.

"नदीच बघायची ना," ती म्हणाली. "दोघंच जाऊन एवढं काय करणार आहोत तिथे?"

बडनेऱ्याचे नाव ओठांवर आले होते, पण मुलासुनेदेखत ते काढता येईना. तेव्हा नात तिच्या पोळीवरून मान वर न करता म्हणाली, "आजी, ही इज आस्किंग यू आउट. लाइक, ऑन अ डेट."

या विधानाला मी हरकत घेतली नाही. त्याची नोंद व्हावी.

पत्नी मला क्षणभर निरखत राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पूर्वीही अशाच होत. मग ती उठली, तव्यावर काहीही नसताना तव्याकडे गेली आणि पाठमोरीच म्हणाली, "बघू."

होळीनंतर मी हा प्रश्न तिला सकाळच्या चहाला विचारला, औषधाच्या वेळी विचारला, दह्याच्या दुकानात विचारला. प्रत्येक वेळी ती हसते आणि तेच म्हणते. "बघू" हे उत्तर नव्हे. ती तहकुबी आहे, आणि कारण न देता इतक्या तहकुब्या कोणत्याही न्यायालयाने दिल्या नसत्या.

माझा प्रत्येक मजकूर आधी तीच वाचते आणि त्यातले ऱ्हस्वदीर्घ तपासते. म्हणजे हाही तिच्या हाती पडणार. म्हणून माझी मागणी येथेच लिहून ठेवतो. गुढीपाडव्याला येथल्या मराठी मंडळाचे जेवण आहे. पंगत बसली की तिने उठून उभे राहावे आणि सर्वांसमक्ष, ध्वनिक्षेपकावरून सांगावे: लांड्सहूटचे डोहाळजेवण झाल्यावर त्या संध्याकाळच्या गाडीत ती माझ्याबरोबर पासाऊला येणार आहे, की नाही? खिडकीची जागा तिची राहील. उत्तर हो किंवा नाही, या दोनच शब्दांपैकी एकात द्यावे.