मॅडमच्या कुंडीतली जंगली फांदी

माझी शाळा चौथीत सुटली. गुलाबवाल्यांच्या मंडळात मी मागच्या खुर्चीवर बसते. बाकीचे फुलांची इंग्रजी नावं घेतात, मी रंगावरून ओळखते. पण डोळा भरायला माझ्याइतका बसलेला हात तिथे कोणाचा नाही. हे वहीत लिहिते, तोंडाने कधी म्हटलं नाही.

डोळा भरायचा म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटाची साल चिरायची, तिच्यात चांगल्या गुलाबाच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची गाठ, बसवायचा आणि पट्टीने बांधायचं. तो फुटला की वरचं जंगली कापून टाकायचं. बाबांनी शिकवलं. ते रामदासपेठेत एका बंगल्यावर माळी होते. तिथे एक गुलाब होता, दुधाच्या सायीच्या रंगाचा, पाकळीच्या कडेला किंचित गुलाबी. बंगला पाडायचं ठरलं तेव्हा बाबांनी त्याची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली आणि माझ्या गच्चीवरच्या कुंडीत डोळा भरला. त्याचं नाव कोणालाच माहीत नाही. मी बाबांचा गुलाब म्हणते.

मंडळाची एक रीत आहे. आपल्याकडचा गुलाब कोणी मागितला तर नाही म्हणायचं नाही. मंडळातल्या मॅडमनी मागितला. त्या दोन गल्ल्या सोडून राहतात, बँकेतून रिटायर झाल्या आहेत आणि तीन वर्षांपासून गुलाब लावतात. माघात मीच जाऊन त्यांच्या कुंडीत डोळा भरून दिला. उन्हाळाभर हिरव्या जाळीखाली कसं ठेवायचं तेही सांगून आले.

पुढच्या हिवाळ्यात मॅडमच्या झाडाला पहिलं फूल आलं ते माझ्या दोन फुलांएवढं. त्यांच्या अंगणात सकाळचं ऊन येतं. माझ्या गच्चीची फरशी दुपारी तापते, कुंड्यांच्या मुळांना चटके बसतात. प्रदर्शनात आम्ही दोघींनी तोच गुलाब ठेवला. त्यांना पहिला नंबर मिळाला, माझ्या फुलापाशी कोणी थांबलंही नाही. बक्षीस घेताना मॅडम माइकवर म्हणाल्या, "हे मूळ आमच्या ताईंचं झाड आहे." सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मी पदर सारखा करत बसले. त्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, निदान मनात राग धरायला काही कारण राहिलं असतं.

घरी आल्यावर आमचे मालक म्हणाले, "तुह्याच झाडाचं फूल आहे न वं ते? मग तोंड काहून पाडून बसली?"

"डोकं दुखून राहिलं," मी म्हटलं.

"डोकं नाही, पोट दुखून राहिलं तुहं," ते म्हणाले आणि हसत बाहेर गेले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे शेणखत द्यायला गेले. त्यांनी हाताला धरून मला त्या कुंडीपाशी नेलं.

"पाहा ताई, तळातून कशी फांदी येऊन राहिली. आता झाड पुन्हा तरुण होईल."

मी वाकून पाहिलं. फांदी कमरेएवढी उंच, सरळ, फिक्या हिरव्या रंगाची होती. पण ती डोळ्याच्या खालून, खुंटातून फुटली होती. ती जंगली होती. अशी फांदी ठेवली की सगळं पाणी-खत तीच ओढते आणि वरचा गुलाब वाळत जातो. तळातून चांगल्या गुलाबाचीही फांदी फुटते, म्हणून नवीन माणूस फसतो. मॅडम फसल्या होत्या.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"जोरात आहे," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. घरी येऊन भाकरी टाकताना मात्र मला बरं वाटत होतं, आणि कशाचं बरं वाटतं आहे तेही समजत होतं.

मग दर आठवड्याला काही ना काही निमित्ताने मी जायचे. जंगली फांदी वाढत होती, बाबांच्या गुलाबाच्या दोन फांद्या पिवळ्या पडत होत्या. सांगायचं म्हटलं की माइकवरचं ते वाक्य आठवायचं आणि मी खुरपं, पाणी, ऊन असंच बोलून परत यायचे.

दसऱ्यानंतर छाटणीचे दिवस आले. मॅडमचा फोन आला. "ताई, उद्या छाटणी करते. त्या कुंडीतल्या दोन मरतुकड्या फांद्या काढून टाकते, नवी एकटीच ठेवते."

त्या मरतुकड्या फांद्या म्हणजेच बाबांचा गुलाब होता.

सकाळी स्वयंपाक तसाच ठेवून मी कात्री घेऊन गेले. मॅडम म्हणाल्या, "बसा, चहा ठेवते." त्या आत गेल्या. मी कुंडीची माती बोटांनी उकरली आणि जंगली फांदी मुळापाशी धरून कापली. सांगण्यापेक्षा कापणं सोपं होतं. त्या कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा ती लांब फांदी माझ्या हातात होती.

त्यांनी फांदीकडे पाहिलं. मग हळू म्हणाल्या, "ताई, काडी पाहिजे होती तर मागायची न. मी नाही म्हटलं असतं का?"

त्यांना वाटलं, मी चोरून नेत होते. हो म्हणून घरी गेले असते तरी चाललं असतं, त्यांनी माफही केलं असतं. पण मग त्या पिवळ्या फांद्याही त्यांनी मेल्या म्हणून काढल्या असत्या.

"ही जंगली आहे," मी म्हटलं. "खुंटातून फुटली. तुमचा गुलाब म्हणजे त्या पिवळ्या दोन फांद्या."

"तुम्हाले आता समजलं?"

"पोळ्यापासून माहीत होतं."

मॅडमनी कप ओट्यावर ठेवले. "मग बोलल्या काहून नाही?"

"तुमचं फूल माझ्यापेक्षा मोठं आलं म्हणून."

मंडळात इतक्या वर्षांत मी एवढं स्पष्ट कधी बोलले नव्हते. मॅडमनी वाकून त्या पिवळ्या फांद्यांना हात लावला.

"वाचते का हे?" त्यांनी विचारलं.

"वाचेल. यंदा फूल लहान येईल."

"बरं," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "मग आता बाकीच्या कुंड्याही पाहून द्या. आणि काही दिसलं तर आजच सांगा."

मी पदर खोचून खाली बसले. बावीस कुंड्या होत्या. प्रत्येकीत हात घालून खुंट चाचपत गेले. मॅडम मागे उभ्या राहून प्रत्येक वेळी विचारत होत्या, ही कोणती, डोळ्याच्या वरची की खालची. मी सांगत होते. त्यांच्या झाडांच्या फांद्या अंगठ्याएवढ्या जाड होत्या, साल तुकतुकीत. माझ्या गच्चीवर एकही तशी नाही. तेव्हाही पोटात तसंच जळत होतं. सातव्या कुंडीत मला आणखी एक जंगली फूट सापडली, बोटभर, कोवळी. मी क्षणभर थांबले, मग म्हटलं, "मॅडम, ही पण."