बुधाजीच्या मोटारसायकलचं दार

आमच्या मिठागराचा मुकादम बुधाजी इतका उंच होता, की सायकलवर बसला की त्याचे गुडघे हँडलला ठोकायचे. लढाई संपली, इंग्रज गेला आणि लष्कराच्या लिलावात एक जुनी मोटारसायकल निघाली, ती त्याने घेतली. गुडघ्यांचा प्रश्न सुटला आणि डोळ्यांचा सुरू झाला. उरणच्या बांधांवरचा वारा थेट डोळ्यांत शिरायचा आणि हा जिथे जाईल तिथे घळाघळा रडत पोचायचा. मीठ ओढणाऱ्या बायका सवयीने विचारायच्या, "बुधाजीदादा, आज कोन गेला?"

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे सांगत बसलो नसतो. पण बुधाजीला लग्न करायचं होतं, आणि मुलगी बघायलाही तो मोटारसायकलवरूनच जाई. दोन ठिकाणी नकार आला. रडत आलेल्या नवऱ्याला मुलगी कोण देईल? एका बापाने तर त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "तुझं मन दुसरीकडं असंल तर आईला सरळ सांग बाबा." तिसऱ्या खेपेला त्याने काळा चष्मा लावला. त्या लोकांनी आंधळा नवरा म्हणून दार लावून घेतलं. आंधळा माणूस मोटारसायकल चालवत आला कसा, हे त्या घरात एकालाही सुचू नये, याचा मला अजून राग येतो.

चौथं स्थळ चिरनेरच्या अंबाजीच्या केसरचं. बुधाजीने तिला जत्रेत पाहिलं होतं. ती बांगड्या भरत होती आणि भरता भरता कासारालाच दमात घेत होती. तेव्हापासून याची झोप उडाली होती. "हितं न्हाय म्हनले तर मी लगीनच करनार न्हाय," असं त्याने आईला, मनुबाईला, सांगून टाकलं.

"मंग पयला वारा अडव," मनुबाई म्हणाली.

मुंबईहून गाडीपुढे लावायची काच आणली. ती चारचौघांच्या बेताची, बुधाजीच्या हनुवटीशीच संपायची. मनुबाई सुपात भाताची फोलकटं घेऊन बांधावर उभी राहिली. जन्मभर भात उफणलेल्या बाईला वाऱ्याचं काय शिकवायचं! बुधाजी भरधाव आला, तिने समोर सूप झटकलं, आणि सगळी फोलकटं काचेवरून चढून नेमकी त्याच्या डोळ्यांत गेली. पूर्वी वारा अंगभर लागायचा, आता आखूड काच तो गोळा करून तोंडावर आणून सोडत होती. बुधाजी गाडीसकट मिठागरात उतरला.

मग होड्या बांधणारा गुणाजी सुतार आला. त्याने बुधाजीला गाडीवर बसवून, डोलकाठीचं घ्यावं तसं कमरेपासून कपाळाच्या वरपर्यंत माप घेतलं. एवढी काच मिळाली ती उरणच्या हलवायाकडे, मोडीत काढलेल्या कपाटाच्या दाराला. गुणाजीने ते दार चौकट, बिजागऱ्या आणि मुठीसकट गाडीवर ठोकलं.

"मूठ कशाला?" मी विचारलं.

"दार हाय ना?" तो माझ्यावरच खेकसला.

या वेळी फोलकटं डोक्यावरून गेली. माश्या मात्र बरोबर आल्या, कारण लाकडाला अजून पेढ्यांचा वास होता.

चिरनेरला बुधाजी कोरड्या डोळ्यांनी पोचला. मी मागे बसलो होतो. पोहे झाले, पण अंबाजी सारखा त्याच्या तोंडाकडे बघत होता, काहीतरी हरवल्यासारखा. शेवटी केसरच आतल्या दारातून बोलली.

"तुमी पोरी बघायला जाता तवा रडता, असं मी आयकलं व्हतं. मला वाटलं, पोरीला आईबापाचं घर सोडावं लागतं, त्याचं रडू येनारा एक तरी बाप्या हाय. म्हनून मी व्हय म्हनले. आज काय झालं?"

खोटं बोलायला याहून सोन्यासारखी वेळ येत नाही. मी त्याला कोपराने ढोसलंही. पण हा हरिश्चंद्र म्हणतो, "तो वारा व्हता. आता काच लावलीय."

"मंग ऱ्हाऊ द्या," केसर म्हणाली आणि आत गेली.

बुधाजी उठला, वाशावर डोकं आपटून घेतलं आणि अंगणात येऊन गाडीवर बसला. किक मारायचंही त्याला सुचेना. त्या कपाटाच्या दारामागे बसून तो रडायला लागला, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. मला त्याची इतकी दया आली की शिव्या द्यायच्या राहून गेल्या. अंगणातली पोरं फिदीफिदी हसायला लागली, तशी त्यांना हाकलायला केसर बाहेर आली आणि काचेसमोर थबकली.

"गाडी तर बंद हाय," ती म्हणाली.

"हाय," बुधाजी आतून म्हणाला.

"काच पन हाय."

"हाय."

"मंग वारा कुठून आला?"

केसरने मूठ धरून दार उघडलं आणि पदराचं टोक त्याच्या हातात दिलं.