बरं हाय, साहेब

मुलांनो, बाजवाल्या मामांना "कसे आहात?" असं विचारणं म्हणजे निव्वळ वेळ वाया घालवणं होतं. उत्तर ठरलेलं: "बरं हाय. बिलकुल बरं हाय." एक पाय लहानपणीच पोलिओने गेलेला, साठीत दुसरा गुडघाही निकामी, बायको देवाघरी, तरी बरं हाय!

टेंभुर्णीत घरोघरी सुतळीच्या बाजा विणून ते पोट भरत. लोकांनी लोखंडी पलंग आणले आणि मामांचं काम सुटलं. आमच्या पायरीवर बसून चहा तेवढा घेत. भाकरी पुढे केली की म्हणत, "आत्ताच जेवून आल्तो." जेवलेले नसत, हे मला दिसत असे. वाद घालून उपयोग नसे.

दिव्यांगांच्या सरकारी अनुदानासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर पुरेसे टक्के लागतात. मी त्यांना जालन्याला दवाखान्यात घेऊन गेले. आत एकट्यालाच बोलावलं. थोड्या वेळाने बघते तर मामांची काठी बाहेर, चपलांशेजारी! भिंत धरून आत गेले होते. डॉक्टरांनी त्रास विचारला, तर काय म्हणाले, ते बाहेर येऊन मलाच ऐटीत सांगितलं: "बरं हाय, साहेब." अर्थात टक्के कमी पडले.

"काठी बाहेर का ठेवलीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"आम्ही मेंढरांमागची माणसं, बाई. मोठ्या माणसाम्होरं काठी घेऊन गेलं की भांडायला आल्यावानी दिसतं."

"आणि त्रास का नाही सांगितला?"

"पहिल्याच भेटीत कोणी रडगाणं गातं व्हय?"

परतीच्या बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. ते मात्र मला शेंगदाणे देऊन राह्यले होते!

फेरतपासणीच्या वेळी मी परवानगी काढून सोबत आत गेले. "तोंड उघडायचं नाही," असं मामांना बजावलं होतं. मामांच्या शेजारणीकडून काढून घेतलेलं सगळं मीच सांगितलं. संडासात बसता येत नाही. न्हाणीत पडतात. कधी वेळेवर पोचता येत नाही, मग धोतर ती शेजारीण धुते. क्षणभर उभे राहिले तरी पाय थरथरतो. मामा छताकडे बघत बसले. टक्के मिळाले.

बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "असलं म्या फक्त बायकोपाशी बोलायचो, बाई."

माझा संताप झाला. न सांगता सरकारला कळणार तरी कसं? अनुदान सुरू झालं, गुडघ्याची औषधंही मिळू लागली. मी केलं ते योग्यच केलं. उद्या वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

दिवाळीनंतर मामा लेकीकडे परतूरला कायमचे राहायला निघाले. निरोप घ्यायला आले. मी म्हटलं, "बसा, चहा टाकते."

"न्हाई बाई, जल्दी हाय. जीप थांबलीय."

रस्त्यावर जीप नव्हती. मी चहा आणला. पायरीवर न टेकता, उभ्याउभ्याच त्यांनी तो सावकाश संपवला, कप माझ्या हातात दिला आणि राम राम केला. तेवढं उभं राहणं त्यांना किती जड जातं, हे डॉक्टरांना मीच तर सांगितलं होतं.