घोड्यांच्या गळ्यातली बैलांची माळ

मुरबाड ते कल्याण ही सडक गुणाजीनं एकोणीस वर्षं बैलांच्या धमणीतून, छपराच्या हलक्या गाडीतून, तुडवली. त्याचा बाप मिठाच्या गोण्या बैलांच्या पाठीवर लादून माळशेज घाट चढायचा. आगगाडी आली आणि ते काम संपलं. बापानं मरायच्या आधी दोन खोंड घेऊन दिले आणि गुणाजी टपालाचा मक्तेदार पोपटशेटच्या नोकरीत लागला. उतारू न्यायचे, टपालाची थैली न्यायची. किती वाजता पोचणार, हे पोपटशेटनं कधी विचारलं नाही. गुणाजीलाही ते सांगता आलं नसतं.

सडकेकडेच्या वाड्यांमध्ये घड्याळ नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. गोवेलीजवळ, सडकेपासून आत, चिंचवाडी होती. गुणाजीचे बैल टेकडीच्या वळणावर आले की त्यांची घुंगुरमाळ वाडीत ऐकू यायची. मग बायका भाकरी फडक्यात बांधायच्या, दाराला कडी घालायच्या आणि बांधाबांधानं चालत सडकेवर यायच्या. तरी धमणी यायला अवकाश असायचा. एकोणीस वर्षांत चिंचवाडीतलं कुणी मागं राहिलं नव्हतं.

शके अठराशे नऊच्या दिवाळीत टपालाचा मक्ता पोपटशेटकडून गेला. कल्याणच्या त्र्यंबकरावांनी तो घेतला आणि चार नवे टांगे आणले. तांबडी चाकं, खाली स्प्रिंगा, प्रत्येकाला दोन तट्टं.

“गुणाजी, घोडे हाकशील?” त्र्यंबकरावांनी विचारलं.

“हाकीन की. जनावरंच ती.”

“साडेदहाच्या गाडीला टपाल चढलं पाहिजे. वाटेत तीन ठिकाणी थांबायचं, तेही थैली द्यायघ्यायपुरतं. कुणी मावशी-आत्या बांधावरून हात करील, तिकडे बघायचं नाही. एक दिवस उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी घरी बसायचं.”

“जी,” गुणाजी म्हणाला. पंचेचाळिशी उलटल्यावर दुसरं काय म्हणणार?

पहिले काही दिवस माणसांनी शिव्या घातल्या. पण माणसं शिकतात. टांगा कधी येतो आणि कधी निघून जातो ते कळत नाही, म्हणून ती उजाडताच गोवेलीच्या थांब्यावर येऊन बसू लागली.

पौषात म्हसाच्या जत्रेत गुणाजीनं बैल विकले. गिऱ्हाइकाच्या हाती कासरा देण्याआधी त्यानं दोन्ही माळा सोडून घेतल्या, चिंचेनं घासल्या आणि दुसऱ्या दिवशी तट्टांच्या गळ्यात बांधल्या.

“काय रे, नवऱ्या सजवल्यास का?” दुसरा टांगेवाला पंढरी हसला.

“वाडीतल्या लोकांना कळू दे, गुणाजीची गाडी आली.”

लोकांना कळलं. चिंचवाडीत पोरं दारात आली. गुणाजीची घुंगरं परत आली, आता पहाटेपासून थंडीत बसायला नको, असं बायका एकमेकींना म्हणाल्या. गुणाजीच्या कानावर ते आलं, आणि त्याला बरं वाटलं.

माघात एका संध्याकाळी हौसाबाई थांब्यावर उभी होती. तिचा नवरा वर्षापूर्वी गेला होता आणि दिरानं तिचं शेत दाबलं होतं. तिनं कल्याणला मामलेदाराकडे ताब्याचा दावा लावला होता.

“गुणाजीदादा, उद्या तारीख हाय माझी. जागा ठेवशील ना?”

“ठेवतो. तू ये फक्त.”

सकाळी त्यानं आपल्या शेजारची जागा रिकामी ठेवली. गोवेलीला थैली घेतली, चिंचवाडीच्या पायवाटेकडे पाहिलं. वाट रिकामी होती. मागं बसलेल्या वकिलाच्या कारकुनानं साखळीचं घड्याळ काढलं.

“कोणाची वाट बघतोस बाबा? माझी गाडी चुकवतोस काय?”

गुणाजीनं आणखी थोडा वेळ काढला आणि लगाम सैल सोडला. टांगा चार-सहा शेतं पुढे गेला असेल नसेल, मागं बांधावर हौसाबाई दिसली. एका हातात भाकरीचं फडकं, दुसऱ्या हातानं ती पदर हलवत होती. धावत नव्हती. घुंगरं वाजल्यावर निघालं की पोचतो, या बैलांच्या वेळच्या भरवशावर ती नेहमीसारखी चालत आली होती.

टांगा थांबवायला लगामाला एक झटका पुरला असता. गुणाजीनं तो दिला नाही.

टपाल गाडीला चढलं. दुपारी परत निघायच्या आधी तो मामलेदार कचेरीवर गेला. हौसाबाई पायरीवर बसली होती, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ.

“तीनदा नाव पुकारलं म्हणे,” ती म्हणाली. “दीर हजर होता. निकालबी झाला, त्याच्याच बाजूनं.” मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, “घुंगरं ऐकली नि लगेच निघाले रं. दाराला कडी घातली, तेवढाच काय तो उशीर.”

गुणाजी आत गेला. “चूक माझी हाय,” त्यानं कचेरीतल्या कारकुनाला सांगितलं.

“टांगा वेळेवर निघाला होता ना?”

“जी.”

“मग तुझी चूक कसली? आणि असली तरी बाई गैरहजर ती गैरहजरच. वरच्या कोर्टात जा म्हणावं.”

वरच्या कोर्टात जायला वकील लागतो. हौसाबाई गेली नाही.

गुणाजीनं त्याच संध्याकाळी माळा काढून टाकल्या. माणसं पुन्हा लवकर येऊन थांब्यावर बसू लागली. पावसाळ्यात हौसाबाईच्या शेतात दिरानं भाताचं आवण लावलं. ती दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जाऊ लागली. टांगा जाताना आवणातल्या बाया कंबर सरळ करून बघायच्या. त्यांच्यात ती आहे की नाही, हे गुणाजीनं कधी निरखून पाहिलं नाही.

श्रावणातल्या एका सकाळी त्यानं गोवेलीला थैली घेतली आणि टांगा हलवलाच नाही. उतारू ओरडले. एकानं तोंडावर शिवी दिली. गुणाजी पायवाटेकडे बघत बसून राहिला. बऱ्याच वेळानं हौसाबाई आली, डोक्यावर गवताचा भारा घेऊन.

“कुणासाठी थांबलास?”

“तुझ्यासाठी. बस वर. कल्याणला सोडतो.”

भाऱ्यातलं पाणी तिच्या खांद्यावर गळत होतं.

“कल्याणात माझं काय काम हाय आता, दादा?” असं म्हणून ती घोड्यांच्या पुढून सडक ओलांडून गेली.

त्या दिवशी टपाल साडेदहाच्या गाडीला चढलं नाही. त्र्यंबकरावांनी कारण विचारलं. घोडा लंगडत होता, असं गुणाजी म्हणाला, आणि चाबूक त्यांच्यासमोर ठेवून घराकडे चालत निघाला.